शपथेवरच्या आठवणी : सोलापूरचा मे १९३० आणि त्याची कागदपत्रे

सोलापूर शहराच्या इतिहासात मे १९३० इतका दाट लिहिला गेलेला आणि तितकाच दाट सांगितला गेलेला दुसरा महिना नाही. त्या महिन्याचे सरकारी तारा, निवेदने, अध्यादेश, साक्षी-पुरावे आणि निकालपत्रे असे भरघोस दप्तर उपलब्ध आहे; आणि त्याच महिन्याच्या आठवणी शहरातील पेठांतून, गिरणी कामगारांच्या चाळींतून आणि हातमागांच्या शेडमधून दोन-तीन पिढ्या तोंडी चालत आल्या आहेत. या दोन संचयांचे नाते सामान्यतः विरोधाचे मानले जाते. कागद कोरडा पण भरवशाचा, तर आठवण जिवंत पण बेभरवशाची, अशी सरळ वाटणी करून अभ्यासक आपापल्या आवडीची बाजू घेतात. सोलापूरचे प्रकरण बारकाईने पाहिले असता ही वाटणी टिकत नाही, कारण तेथील कागदाचा फार मोठा भाग मुळात आठवणींचाच बनलेला आहे, आणि तेथील आठवणींचा बराच भाग पुढे कागदाच्या गरजेपोटी घडवला गेला आहे. तेव्हा खरा प्रश्न आठवण की नोंद असा उरत नाही; कोणाची आठवण, कोणत्या कामासाठी आणि किती लवकर कागदावर गेली, असा तो होतो.

घटनाक्रम प्रथम थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. १९३० सालचे सोलापूर हे लाखाहून अधिक वस्तीचे गिरणगाव होते. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला शहर ‘जुनी मिल’ म्हणते, आणि तिच्यामागून आलेल्या इतर कापड गिरण्या यांच्याभोवती मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे कामगार, विणकर व व्यापारी एकत्र आले होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वातावरणात ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण लावले गेले. ते पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते फडकले. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली, तेव्हा सोलापुरात हरताळ आणि मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी शहराबाहेर रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या कार्यक्रमावरून, म्हणजे सरकारला दारूच्या अबकारीतून मिळणाऱ्या उत्पन्नावर घाव घालण्याच्या सत्याग्रहावरून, पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. त्यानंतर खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीस मारले गेले, आणि न्यायालयाच्या इमारतीला आग लावण्यात आली. कलेक्टर नाइट यांच्या प्रशासनाने पोलीस शहरातून काढून घेतले. पुढचे काही दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, १५ मे रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्यासाठी स्वतंत्र अध्यादेश काढला, म्हणजे कायदेमंडळाकडे न जाता स्वतःच्या अधिकारात तात्पुरता कायदा केला, आणि जूनअखेरपर्यंत शहर लेफ्टनंट कर्नल पेज यांच्या हुकमतीखाली राहिले. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात ती अमलात आली.

एवढा सांगाडा सर्वांना मान्य आहे. मतभेद सुरू होतात ते या सांगाड्यावर मांस चढवताना, आणि तेथे कोणत्या साधनाला किती वजन द्यायचे हा मराठी इतिहासलेखनातील जुना वाद आडवा येतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून अस्सल पत्रे प्रसिद्ध करायला घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्य लक्ष्य बखर हे होते. बखर म्हणजे घटनेनंतर बऱ्याच काळाने, बहुधा कोणा धन्याच्या किंवा वारसाच्या सांगण्यावरून, आठवणी व ऐकीव माहिती यांच्या आधारे रचलेला गद्य वृत्तान्त. बखरींतील कालविपर्यास आणि अतिशयोक्ती यांवर राजवाड्यांनी केलेला हल्ला इतका परिणामकारक ठरला, की समकालीन कागद श्रेष्ठ आणि मागाहून सांगितलेली गोष्ट कनिष्ठ ही श्रेणी पुढील अभ्यासकांच्या हाडीमासी भिनली. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची सारी शिस्त या श्रेणीवर उभी राहिली, आणि तिचे उपकार नाकारण्याचे काही कारण नाही. तथापि राजवाड्यांच्या पुढ्यातील अस्सल पत्र हे मराठी दरबारातील माणसाने आपल्याच माणसाला कामकाजासाठी लिहिलेले पत्र होते. १९३०च्या सोलापुरातील समकालीन कागद मात्र जवळजवळ सर्वच एका बाजूने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध लोक उठले होते त्या सरकारने, निर्माण केलेला आहे. दुसऱ्या बाजूच्या कागदाची वाटच त्या सरकारने बंद केली होती. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे लष्करी कायद्याखाली शिक्षा भोगायला गेले, आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन खुनाच्या खटल्यात आरोपी झाले. आपले वर्तमान लिहिणारे हातच ज्या शहरात बांधले गेले, त्या शहराला आपली बाजू कागदावर न ठेवता तोंडी का ठेवावी लागली, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. वि. का. राजवाड्यांची श्रेणी येथे उलटी करावी असा याचा अर्थ होत नाही. पण समकालीनत्व हा एकच गुण पाहून कागदाला वरचा पाट देणे येथे अपुरे पडते, हे निश्चित.

खुनाच्या खटल्याची कागदपत्रे या दृष्टीने विशेष पाहण्यासारखी आहेत. फौजदारी खटल्यातील साक्ष म्हणजे काय, तर एका माणसाने काही आठवडे किंवा महिने आधी पाहिलेल्या गोष्टीची, शपथेवर आणि विशिष्ट प्रश्नांच्या उत्तरादाखल सांगितलेली आठवण. गोंधळात, धुरात, धावपळीत कोणी कोणाला पाहिले, कोणाच्या हातात काय होते, कोण पुढे होता आणि कोण मागे, हे साक्षीदार स्मरणानेच सांगत असतो. ही आठवण पोलिसांनी घेतलेल्या जबाबातून आधी एकदा गाळली जाते. ओळखपरेडीत, म्हणजे संशयितांना इतर माणसांत मिसळून साक्षीदाराकडून ओळखवून घेण्याच्या रिवाजात, ती पक्की केली जाते. वकिलाच्या प्रश्नांनी तिला आकार येतो, आणि शेवटी न्यायाधीश ती इंग्रजीत टिपून घेतो. सोलापूरसारख्या चौभाषी शहरात कानडीत किंवा तेलुगूत पाहिलेली आणि मराठीत सांगितलेली गोष्ट इंग्रजीत नोंदली जाताना तिच्यातील किती उरले असेल, याचा अंदाज वाचकाने करावा. इतक्या गाळण्यांतून उतरलेली आठवण निकालपत्रात ‘सिद्ध झालेली वस्तुस्थिती’ म्हणून विराजमान होते, आणि पन्नास वर्षांनी इतिहासकार तीच उचलून, त्याच शहरातील एखाद्या म्हाताऱ्या कामगाराच्या आठवणीला ‘केवळ आठवण’ म्हणून बाजूला सारतो. दोन्ही आठवणीच, फरक एवढाच, की एकीला सरकारी शिक्का होता.

याच प्रकारच्या सामग्रीचा सर्वात सखोल अभ्यास उत्तर प्रदेशातील चौरीचौरा प्रकरणाबाबत झालेला आहे. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी तेथील जमावाने पोलीस ठाणे जाळले, बावीस-तेवीस पोलीस मारले गेले, सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाने अखेर १९ जणांची फाशी कायम केली. इतिहासकार शाहिद अमीन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इव्हेंट, मेटाफर, मेमरी’ या ग्रंथात माफीच्या साक्षीदाराची, म्हणजे आपल्यावरील खटला माफ होण्याच्या अटीवर सोबत्यांविरुद्ध बोलणाऱ्या आरोपीची, साक्ष हीच त्या प्रकरणाच्या अधिकृत इतिहासाचा कणा कशी बनली हे दाखवले, आणि मग गावात जाऊन वारसांच्या आठवणींशी ती ताडून पाहिली. सोलापूरला हा आरसा लावला असता साम्य उघड दिसते. पण एक भेद त्याहून महत्त्वाचा आहे. चौरीचौऱ्यानंतर गांधींनी असहकाराचे आंदोलन मागे घेतले, त्यामुळे त्या घटनेला राष्ट्रीय इतिहासात पुष्कळ काळ कलंकाची जागा मिळाली. सोलापुरात पोलीस मारले गेले तेव्हा गांधी तुरुंगात होते आणि आंदोलन देशभर चालूच राहिले. परिणामी सोलापूरला आपल्या घटनेबद्दल खाली मान घालण्याचा प्रसंग आला नाही. तिला अभिमानाच्या खात्यावर मांडण्याची मोकळीक प्रारंभापासून मिळाली, आणि शहराची पुढची सारी आठवण या मोकळिकीत वाढली.

या आठवणीचा मध्यबिंदू म्हणजे ‘सोलापूर स्वतंत्र होते’ ते दिवस. हे दिवस किती, याविषयी एकवाक्यता नाही. ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस सांगण्याचा प्रघात शहरात रूढ आहे आणि नगरपालिकेनेही तो स्वीकारला आहे. काही ठिकाणी ९ ते १२ मे असे चार दिवस मोजले जातात. गणिताचा हा किरकोळ घोटाळा वाटेल, परंतु त्यामागे सत्ता नेमकी कोणत्या क्षणी संपते आणि कोणत्या क्षणी परत येते, हा अवघड प्रश्न आहे. पोलीस शहराबाहेर गेले तो क्षण धरायचा की स्वयंसेवक रस्त्यांवर रहदारी लावू लागले तो? लष्करी कायदा पुकारला तो क्षण धरायचा की तो शहराला जाणवला तो? स्वातंत्र्याची व्याख्या बदलली की दिवसांची संख्या बदलते, आणि आठवण ही व्याख्या न सांगता थेट संख्या सांगते.

गंमत अशी, की या स्वातंत्र्याला सर्वात भक्कम कागदी आधार ब्रिटिश सरकारनेच पुरवला आहे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत लष्करी कायदा हा मुळात कायदा नसून कायद्याचा अभाव आहे. नेहमीची न्यायालये आणि नेहमीचे पोलीस चालू शकत नाहीत इतकी परिस्थिती ढासळली असेल, तरच लष्कराने केलेली सक्ती गरजेपोटी क्षम्य ठरते. म्हणून १२ मेचा निर्णय समर्थनीय ठरवायचा, तर त्याआधी सोलापुरात सरकार उरले नव्हते, हे सरकारलाच दाखवून द्यावे लागले. लष्करी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेलेले आणि कायद्याच्या ग्रंथांत ‘चन्नप्पा शांतिरप्पा विरुद्ध बादशहा’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण याच मुद्द्याभोवती फिरते. अशी गरज होती की नव्हती हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, ही त्यातील भूमिका आजही वकील मंडळी उद्धृत करतात. अशा रीतीने शहर अभिमानाने जे म्हणत होते, तेच सरकार आपल्या बचावासाठी म्हणत होते. दोन विरुद्ध पक्षांचे हितसंबंध एका विधानावर येऊन मिळाले की ते विधान इतिहासात फार लवकर निर्विवाद होते, आणि अशा निर्विवाद विधानाकडेच अभ्यासकाने अधिक संशयाने पाहायला हवे. पोलीस नसताना बाजार कसा चालला, गिरण्या कोणत्या दिवशी चालू आणि कोणत्या दिवशी बंद होत्या, धान्याचे भाव काय झाले, हे तपशील दोन्ही पक्षांना बिनकामाचे होते. म्हणून दोन्ही पक्षांच्या बोलण्यात ते क्वचितच सापडतात.

आठवण स्वतःला कशी ताजी करत राहते, याचे एक सुबक उदाहरण नगरपालिकेवरील निशाणाचे आहे. ६ एप्रिलचा प्रसंग सांगताना आज सर्रास ‘तिरंगा’ हा शब्द येतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे उभे राहतात. १९३० साली काँग्रेसच्या चळवळीत वापरले जाणारे निशाण वेगळे होते: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यावर चरखा. केशरी पट्टा वर आणणारे निशाण काँग्रेसने ऑगस्ट १९३१मध्ये स्वीकारले, म्हणजे सोलापूरच्या चौघांना फाशी होऊन सात महिने उलटल्यावर. आठवण येथे खोटे बोलत नाही. निशाण लावले गेले हे तिला ठाऊक आहे आणि ते निशाण पुढे ज्या निशाणाचे पूर्वज ठरले त्याचे रंग ती मागे नेऊन भरते. ज्या कोणाला एखादी आठवण नेमकी कधी स्थिर झाली हे हुडकायचे असेल, त्याने अशा रंगांकडे लक्ष द्यावे. १९३० सालच्या प्रसंगाला १९३१ नंतरचे रंग चढले असतील, तर ती आठवण निदान तेवढ्या काळानंतरची रचना आहे.

इटलीतील टेर्नी या पोलाद कारखान्यांच्या शहराबाबत अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली यांनी दाखवलेली गोष्ट येथे उपयोगी पडते. लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, इटलीच्या नाटो करारातील प्रवेशाविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मारला गेला; परंतु पोर्तेल्ली यांना भेटलेल्या अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ साली, कारखान्यातून मोठ्या संख्येने कामगार काढले गेले तेव्हाच्या दंगलीत घडल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांचा निष्कर्ष असा, की ही चूक दुरुस्त करून टाकून द्यायची वस्तू नाही. गावाला कोणती लढाई आपली वाटली आणि मृत्यूला कोणते कारण शोभेसे वाटले, हे ती चूकच सांगते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ सालीच असे मांडले होते, की माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, धर्मसमुदाय, वर्ग यांनी दिलेल्या चौकटीत आठवतो आणि चौकट मोडली की आठवणही निसटते. सोलापुरात ही चौकट पंचांगानेही पुरवली. १२ जानेवारी हा फाशीचा दिवस मकरसंक्रांतीच्या तोंडावर येतो, आणि त्याच आठवड्यात ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वज, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरील गर्दी या वार्षिक चक्रामुळे हुतात्म्यांचा दिवस कोणा सरकारी परिपत्रकाची वाट न पाहता ध्यानात राहतो. घटना मेची, पण स्मरण जानेवारीचे, अशी ही विभागणी झाली. शंकर शिवदारे यांचे नाव शहराबाहेर तुलनेने कमी ऐकू येते, त्याला हेही एक कारण असावे.

आठवण काय राखते यापेक्षा काय गाळते, हे पाहणे अधिक अवघड आणि अधिक अप्रिय असते. चार हुतात्म्यांपैकी एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी आणि एक मुसलमान होता, या योगायोगातून शहराने आपल्या एकोप्याचे चित्र तयार केले. चित्र खोटे नाही, आणि १९३०नंतरच्या अनेक दशकांत शहराला त्याचा आधारही झाला आहे. परंतु फाशीसाठी चौघांची निवड शहराने केली नव्हती, ती फिर्यादी पक्षाने केली होती, ही गोष्ट त्या चित्रात बुजते. आणि हातमागावर बसणारे तेलुगू पद्मशाली, गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया व दलित कामगार चौघांच्या त्या यादीत नसल्यामुळे चित्राच्या कडेला पडतात. मंगळवार पेठेच्या चौकीत मेलेले पोलीस तर चित्राच्या बाहेरच आहेत. तेही बहुधा याच मुलखातले, तुटपुंज्या पगारावर सरकारी चाकरी करणारे लोक होते. त्यांची नावे खटल्याच्या कागदांत आहेत, कारण खून सिद्ध करण्यासाठी मयताचे नाव लागते. शहराच्या तोंडी इतिहासात त्यांना नाव नाही. उलट मल्लप्पा धनशेट्टी यांनी खवळलेल्या जमावाला आवरून कलेक्टरचा जीव वाचवला, ही हकीकत शहरात आवर्जून सांगितली जाते. ज्याच्या हातून जीव वाचला त्यालाच जीव घेतल्याबद्दल फाशी झाली, हा अन्याय अधोरेखित करण्याचे काम ती करते. कागद मयतांची नावे सांभाळतो आणि आरोपीचे मन सोडून देतो. आठवण आरोपीचे मन सांभाळते आणि मयतांची नावे सोडून देते. या दोहोंची बेरीज करून पूर्ण सत्य हाती येईल अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे आहे, कारण दोघांनीही जे टिपलेच नाही ते बेरजेतही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर या आठवणीला नवे गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे स्वतंत्र भारताचे सरकार. मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीची साधने खंडशः छापायला १९५७पासून प्रारंभ केला. ती मुख्यतः जुन्या सरकारच्याच दप्तरातून काढलेली होती, त्यामुळे पोलिसांच्या गुप्त अहवालांतील वाक्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या गौरवासाठी छापली गेली. शहरात चौघांचे पुतळे उभे राहिले, सभागृहाला हुतात्म्यांचे नाव मिळाले, आणि पुढे सोलापूर-पुणे गाडीला ‘हुतात्मा एक्स्प्रेस’ हे नाव देण्यात आले, त्यामुळे पुण्याला कामासाठी जाणारा माणूस तिकीट काढताना या इतिहासाचा उच्चार करू लागला, मग त्याला तो ठाऊक असो वा नसो. याहून दूरगामी परिणाम झाला तो निवृत्तिवेतनाचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली आणि त्यासाठी सामान्यतः किमान सहा महिन्यांच्या कारावासाची अट घातली. कारावासाचा पुरावा म्हणजे तुरुंगाच्या नोंदवहीतला उतारा. तो सापडत नसेल तर सहबंद्याचा दाखला, म्हणजे त्याच तुरुंगात त्याच काळात असलेल्या दुसऱ्या मान्य कैद्याने, आपण याला तेथे पाहिले, असे लिहून देणे. येथे आठवण पुन्हा शपथेवर आली. चाळीस वर्षांपूर्वी बराकीत शेजारी कोण होते हे आठवून सांगण्याला आता दरमहा रकमेचे मोल आले, आणि अर्जाच्या रकान्यांत न बसणारे सारे, म्हणजे एक रात्र चौकीत खाल्लेला मार, लष्करी अमलात डोक्यावरून उडवली गेलेली गांधी टोपी, बंद पडलेले दुकान, घरात लपवलेला शेजारी, हळूहळू सांगण्याच्या लायकीचे उरले नाही. कागद आठवणीला नाकारतो तेव्हा होणारे नुकसान डोळ्यांना दिसते. कागद आठवणीला स्वीकारतो तेव्हा ती त्याच्या मापाची होत जाते, हे नुकसान लवकर ध्यानात येत नाही.

सोलापुरातच या साऱ्याची दुसरी, अधिक काळोखी बाजू पाहायला मिळते. जन्माने गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी झाला आणि १९११च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल बसला. त्याखाली कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट आदी जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवण्यात आले. सोलापूरची वसाहत, जिला शहर ‘सेटलमेंट’ म्हणते, ही इलाख्यातील प्रमुख वसाहतींपैकी एक होती आणि तेथील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून पुरवली जात. या लोकांइतकी बारीक नोंद शहरातील शेठ-सावकारांचीही झाली नसेल: रोजची हजेरी, बाहेर जाण्याचा पास, बोटांचे ठसे, कुटुंबातील प्रत्येकाची गणती. लिहिले गेले खूप, पण त्यातील एकही अक्षर त्यांचे स्वतःचे नव्हते. हजेरी कशी लागे हे नोंदवहीत आहे, तर हजेरीला उभे राहणे म्हणजे काय हे विमुक्त, म्हणजे या कायद्यातून पुढे मुक्त झालेल्या, समाजातील लेखक स्वतः लिहू लागल्यावर, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनांच्या पिढीत, मराठी वाचकाला कळू लागले. ही पुस्तके सोलापूरच्या वसाहतीचा इतिहास नव्हेत, परंतु १९३०च्या हुतात्म्यांना जी बोलकी चौकट शहराने दिली ती या लोकांना स्वतःच उभारावी लागली, हे त्यांवरून दिसते.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी, आणि विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. या समाजात एक आठवण सर्वदूर सांगितली जाते: पंडित नेहरू सोलापूरला आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सेटलमेंटची तार कापली. सांगणाऱ्यागणिक तिचे वर्ष कधी १९५२ असते, तर कधी १९६०. कायदा रद्द होणे ही दिल्लीतील, कोणालाही डोळ्यांनी न दिसणारी घटना होती. तिला सोलापूरचे कुंपण, एक कात्री आणि एक ओळखीचा चेहरा मिळाला की ती पाहिल्यासारखी सांगता येते, आणि वर्षांची ही ओढाताण टेर्नीच्या कामगारांनी केलेल्या ओढाताणीच्याच जातीची आहे.

आज या कुटुंबांच्या नातवंडांना शिक्षणातील किंवा नोकरीतील सवलतीसाठी जातीचे प्रमाणपत्र काढायचे झाले, तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. त्या तारखेआधी घराणे राज्यात राहत होते आणि त्याची जात तीच होती, हे कागदाने सिद्ध करावे लागते. जमीन नसलेल्या, फिरत्या माणसाकडे सात-बारा नसतो, घरपट्टीची पावती नसते, आजोबांचे नाव असलेला गावचा उतारा नसतो. आजीची आठवण, ती कितीही तपशीलवार असली, तरी पडताळणी समितीपुढे तेवढ्याने भागत नाही. अशा घराण्यांच्या हाती अनेकदा एकच पुरावा लागण्याजोगा असतो, तो म्हणजे सेटलमेंटच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील किंवा वसाहतीच्या जुन्या नोंदवहीतील ती ओळ, जिच्यात आजोबांचे नाव, वय आणि जमात एका कारकुनाने त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी लिहून ठेवली होती.